खाडीतला चिखल आणि अकरा हजार वर्षांपूर्वीचा कांदळ

खाडीकाठची (ऐरोली)

फ्लेमिंगोंच्या धाग्यावर मागे कुणीतरी लिहिलं होतं, "पक्षी छान, पण तो चिखल बघवत नाही, नुसती घाण." विषय पक्ष्यांचा होता म्हणून तेव्हा तोंड बंद ठेवलं. पण लग्नाआधीची तीन वर्षं मी याच जातीच्या चिखलातले जुने परागकण शोधण्यात घालवली आहेत, त्यामुळे ते वाक्य खुपत राहिलं. म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

ऐरोलीच्या जेट्टीवर ओहोटीच्या वेळी उभं राहा. वरचा बोटभर थर तपकिरी, मऊ, निवट्यांच्या (चिखलातल्या त्या बारक्या माशांच्या) सरपटण्यानं नक्षी पडलेला. काठी खुपसून वर काढलीत तर खालचा काळाकुट्ट चिखल येतो आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. हा वास गटाराचा नव्हे. (गटाराचाही आहे, नाकारत नाही.) चिखलातला ऑक्सिजन संपला की समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात, त्यांचा तो वास. आणि जिथे ऑक्सिजन नाही तिथे परागकण हजारो वर्षं टिकतो.

परागकण साधारण १० ते १०० मायक्रॉनचा. आपला केस ७० च्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. आतला जिवंत भाग लवकरच नाहीसा होतो, उरतं ते बाहेरचं कवच. त्यात स्पोरोपोलेनिन नावाचं द्रव्य असतं, आणि ते भलतंच चिवट. आम्ल सोसतं, दाब सोसतं. हवा मात्र सोसत नाही. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होत राहिलं की खलास. म्हणून शेतातल्या मातीत जुना पराग मिळायची मारामार आणि खाडीच्या, तळ्याच्या, समुद्राच्या गाळात रेलचेल.

दर कुळाचं कवच वेगळं. गवताचा कण म्हणजे गोळा, त्याला एकच भोक आणि भोकाभोवती वळ्यासारखी कड. माठ-राजगिऱ्याच्या कुळातला गोल्फच्या चेंडूसारखा, सगळीकडे खळगे. पाइनचा दोन फुगे लावलेला. आणि माझा लाडका कांदळाचा, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या एका झाडाचा: १५-२० मायक्रॉनचा ठेंगू, तीन उभ्या चिरा, आणि मधोमध पोटावर पट्टा बांधल्यासारखी आडवी रेघ. पहिल्यांदा ओळखता आला तो दिवस अजून आठवतो.

चिखलातून हे कण बाहेर काढणं हे नाजूक कामही आहे आणि राक्षसीही. आधी हायड्रोक्लोरिक आम्लानं शिंपल्यांचा चुना घालवायचा. मग हायड्रोफ्लोरिक आम्लानं वाळू आणि चिकणमाती. हे आम्ल काच खातं, म्हणून सगळी भांडी प्लास्टिकची, हातात जाड मोजे, शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल कायम तयार. त्यानंतर अ‍ॅसिटोलिसिस: नऊ भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड, एक भाग सल्फ्युरिक आम्ल. त्यात पाण्याचा थेंब राहिला तर उसळी मारतं. मग बारीक जाळीतून गाळायचं. चमचाभर चिखलाची शेवटी नखावर मावेल एवढी तपकिरी साय उरते. तिची स्लाइड करायची, चारशेपट मोठं करून पाहायचं, आणि एकेक कण ओळखत निदान ३०० मोजायचे. असा एक नमुना. खोली तीन सेंटिमीटर बदलली की पुढचा.

या मोजणीतली माझी फजिती सांगते. एका खोल थरात मला सुरूच्या झाडाचे कण दिसायला लागले. चांगले डझनभर. वहीत लिहून मोठ्या तोऱ्यात सरांकडे गेले. थर आठ हजार वर्षांपूर्वीचा. सरांनी भिंगाला डोळा लावला, काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "आठ हजार वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाहून सुरू कुणी आणली?" आमच्या लॅबच्या खिडकीबाहेर सुरूची रांग होती आणि ती फुलली होती. उघड्या राहिलेल्या बाटल्यांत ताजा पराग येऊन पडला होता. आतला भाग भरलेला, ठुसठुशीत. जुना कण पोकळ असतो, रिकाम्या पिशवीसारखा. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. अकरा स्लाइड वाया.

बाकीचं प्रश्न येतील तसं सांगते.

तलावपाळी (ठाणे)

दिवसभर ३०० कण मोजायचे? आमच्या ऑफिसात मार्चअखेरीला बिलं मोजतात तेव्हा मला वाटायचं यापेक्षा वाईट नोकरी नसेल. माफ करा, आज गैरसमज दूर झाला. :) लिहा पुढे, वाचतोय.

शंकासूर (पातलीपाडा)

लेख रंजक आहे, पण मुळातच एक गोष्ट पटत नाही. पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीवर येतो. मग जमिनीवरचा पराग उलटा समुद्रात जाईल कसा? आणि गेला तरी दोनशे किमीवर सापडलेला कण ठाण्याच्या येऊरचा की येमेनचा हे कोण सांगणार?

खाडीकाठची

शंकासूर, नाव सार्थ केलंत. प्रश्न अगदी मर्मावर आहे.

आपल्या किनाऱ्यावर मुख्य वाहक वारा नाहीच, नदी आहे. जुलैत कल्याणच्या पुलावरून उल्हास नदी पाहा, चहाच्या रंगाची. घाटातून खाली येणाऱ्या त्या पाण्यात माती असते तसा त्या मातीइतकाच हलका परागही असतो. वर्षभर जमिनीवर साचलेला पराग पहिल्या दोन-चार पुरांत झाडून निघतो. पाण्यात तो बारीक मातीसारखाच वागतो, म्हणून जिथे चिकणमाती बसते तिथेच बसतो. वाळूत शोधून उपयोग नाही.

वाऱ्याचा हिस्सा हिवाळ्यात. आपल्याकडचं गवत पावसाळा संपता संपता फुलतं आणि मग ईशान्येचा वारा समुद्राकडे वाहायला लागतो. भर समुद्रात पडलेला कण मात्र आपण होऊन तळाला जायला फार वेळ घेईल. तिथे प्लवकातले बारके जीव मदतीला येतात. ते तो गिळतात आणि त्यांच्या विष्ठेच्या गोळीतून तो भरकन खाली जातो. सुंदर वर्णन नाही, पण असंच आहे.

येऊर की येमेन? गवतावरून नाही सांगता येत, गवतं सगळी सारखी दिसतात. पण दवण्याचे जातभाई, म्हणजे आर्टेमिसिया, आणि एफेड्रा हे कोरड्या मुलखातलं झुडूप, यांचे कण अरबी समुद्राच्या गाळात मिळाले तर ते कोकणातले नव्हेत हे जवळजवळ नक्की. ते वायव्येकडच्या कोरड्या मुलखातून, अरबस्तान-इराणकडून वाऱ्यावर आलेले. कांदळ, घाटातली सदाहरित झाडं यांचे कण मिळाले तर ते आपल्या बाजूच्या नद्यांनी आणलेले. म्हणजे एकाच नमुन्यात वाऱ्याचा हिशोबही आहे आणि पावसाचाही. व्हान कांपो, डुप्लेसी आणि रोसिन्योल-स्ट्रिक यांनी १९८२ साली 'नेचर'मध्ये अरबी समुद्राचा दीड लाख वर्षांचा असाच इतिहास मांडला होता.

वाशी_ते_पनवेल

ताई, मी एमएस्सी करतोय, वनस्पतिशास्त्र. आमच्या पुस्तकात व्हॉन पोस्टनं १९१६ साली स्वीडनमधल्या दलदलींच्या पीटवरून (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरावरून) पहिले पराग-आलेख काढले एवढंच आहे, पुढे सगळी तळ्यांचीच उदाहरणं. तळ्यात एवढा स्वच्छ इतिहास मिळत असेल तर जहाज घेऊन समुद्रात जायची गरजच काय? खर्च किती!

खाडीकाठची

खर्च प्रचंड. पण समुद्रातल्या त्या एका चमच्यात जे आहे ते तळ्यात कधीच मिळत नाही.

समुद्राच्या गाळात फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांचे चुन्याचे इवले शंख असतात. त्या चुन्यातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण काढलं की जगात बर्फ किती साचला होता आणि पाणी किती गार होतं, दोन्हींचा ठाव लागतो. आता गंमत बघ. शंख समुद्राची बातमी देतो, पराग जमिनीची, आणि दोघं एकाच चमच्यात शेजारी शेजारी. कुणाची तारीख बरोबर आणि कुणाची चूक ही भानगडच उरत नाही. तळ्याचा कोअर (गाळात नळी खुपसून काढलेला उभा दांडा) आणि समुद्राचा कोअर वेगवेगळे असले की दोघांच्या तारखांत दोन-तीनशे वर्षांची चूक सहज असते, मग "आधी समुद्र गार झाला की आधी जंगल गेलं" यावर भांडत बसा. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या एका कोअरवर सांचेझ गोन्यी आणि सहकाऱ्यांनी हेच करून दाखवलं. हिमयुगात उत्तर अटलांटिक गार पडला की आयबेरियातलं जंगल मागे हटतं आणि कोरड्या मुलखातली झुडपं पसरतात, हे एकाच गाळात वाचता येतं.

शिवाय तळं फार तर आसपासच्या डोंगरांची गोष्ट सांगतं. समुद्र अख्ख्या खोऱ्याची सांगतो. हे बरंही आहे आणि वाईटही, कारण सगळं एकत्र ढवळून येतं.

दिवाळेकर

आम्ही कोळी माणसं, बेलापूरच्या दिवाळ्याचे. चिखल आमच्या पाचवीला पुजलेला. ताई, तुम्ही कांदळ कांदळ करता, पण आज खाडीत बघाल तर सगळीकडं तिवर, ती दुसरी खारफुटी. कांदळ शोधावा लागतो. मग तुमच्या काचेवर तिवराचाच पराग भरलेला दिसत असेल ना?

खाडीकाठची

दादा, नाही! आणि हीच या सगळ्या विद्येची मेख आहे. तिवराच्या फुलावर मधमाश्या येतात. ज्याला माशी मिळते ते झाड पराग जपून वापरतं, वाऱ्यावर उधळत नाही. कांदळ मात्र वाऱ्याच्या भरवशावर बसतो, त्यामुळे ढिगानं पराग सोडतो. म्हणून तिवराच्या रानातला चिखल घेतला तरी त्यात तिवराचे कण तिथल्या तिवरांच्या मानानं फारच कमी येतात, आणि लांबवर असलेला कांदळ उगाच मोठा दिसतो. येऊरच्या सागाचंही तेच. टेकडी सागानं भरलेली, आणि गाळात साग शोधावा लागतो. खैर-बाभळीचे कण तर सोळा-सोळाच्या गाठोड्यानं बाहेर पडतात, जड असतात, लांब जातच नाहीत.

म्हणून आधी आजचा चिखल तपासायचा. आज डोळ्यांनी कोणती झाडं दिसतात आणि चिखलात त्यांचे किती कण येतात हे कळलं की मगच जुन्या थराला तोंड द्यायचं. ही पायरी वगळून लिहिलेले निष्कर्ष मी वाचत नाही. सरांची शिस्त अंगात मुरली आहे.

निवृत्त_ड्रिलर (नवीन पनवेल)

उशिरा आलो. तेल कंपनीत २९ वर्षं काढली, भूशास्त्राच्या बाजूला, म्हणून दोन शब्द.

पराग ही आमच्यासाठी निव्वळ रोजची भाकरी होती. ड्रिलिंग करताना खडकाचे जे चुरे वर येतात त्यातले पराग आणि बीजाणू पाहून आमचे पॅलिनॉलॉजिस्ट, म्हणजे परागतज्ज्ञ, खडकाचं वय सांगायचे. आणखी एक गोष्ट इथे कुणी सांगितली नाही: कणाचा रंग. ताजा कण फिकट पिवळा. खडक खोल गाडला जाऊन तापत गेला की तो नारिंगी, मग तपकिरी, शेवटी काळा. रंग पाहून सांगता येतं की खडक तेल तयार होण्याइतका शिजला आहे की करपला. फुलाच्या पिवळ्या भुकटीवर कोट्यवधींचा निर्णय!

आता इथल्या मंडळींसाठी. मुंबई हाय १९७४ साली सापडलं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किमी, पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास. २१ हजार वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग ऐन भरात असताना, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. हिशोब तुम्हीच करा. ज्या प्लॅटफॉर्मवर मी चौदा-चौदा दिवस उलट्या काढल्या तिथे तेव्हा चालत जाता आलं असतं. ठाण्याची खाडी तेव्हा खाडीच नव्हती, दरी होती.

तलावपाळी

म्हणजे मुंबई हायला लोकल गेली असती. स्लो. ठाण्याला अर्धा तास थांबून.

वाशी_ते_पनवेल

काका, २०१५ मध्ये जॉइडिस रेझोल्यूशन जहाजानं अरबी समुद्रात ड्रिलिंग केलं होतं ना? त्याबद्दल सांगा.

निवृत्त_ड्रिलर

हो, मोहीम ३५५. लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन हजार मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात. गोव्याच्या ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि अमेरिकेतले पीटर क्लिफ्ट हे दोघे मुख्य शास्त्रज्ञ होते. एका ठिकाणी समुद्रतळाखाली ११०० मीटरपेक्षा जास्त खोल गेले. कोलंबोहून निघालेलं जहाज शेवटी मुंबईला लागलं. त्या खोऱ्यात एक प्रचंड मोठी जुनी दरड मिळाली, सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी घसरलेली. तिला 'नटराज' नाव दिलंय. पण परागाच्या दृष्टीनं एक लक्षात ठेव: जागा आपल्या किनाऱ्यासमोर असली तरी तिथला गाळ मुख्यतः सिंधू नदीचा. त्यातला पराग कोकणचा समजलास तर गाढवपणा होईल.

घोडबंदरची_सून

विषय थोडा वेगळा, पण परागच. माझ्या मुलाला पावसाळा संपला की शिंकांनी हैराण होतं. डॉक्टर म्हणतात गाजर गवत. हे गवत जुनं नाही ना? माझी आजी म्हणायची त्यांच्या लहानपणी नव्हतं.

वाशी_ते_पनवेल

आजी बरोबर सांगत होत्या. १९५० च्या दशकाच्या मध्याला पुण्यात पहिली नोंद झाली. ताई, म्हणजे खाडीच्या गाळात गाजर गवताचा पराग जिथून दिसायला लागतो तो थर साठीच्या आसपासचा, असं धरता येईल का?

खाडीकाठची

कल्पना हुशारीची आहे, पण गाजर गवत सूर्यफुलाच्या कुळातलं. त्या कुळातले काटेरी गोळे इतके एकमेकांसारखे असतात की छातीठोकपणे "हाच तो" म्हणणं अवघड. त्यापेक्षा माझी वैरीण सुरू बरी. परदेशी आहे, वाऱ्यावर पराग सोडते, कण ओळखू येतो. जिथून सुरू दिसायला लागली तिथून वरचा गाळ इंग्रजांच्या काळाचा किंवा नंतरचा. (खिडकी बंद असेल तर!)

तसंही वरच्या गाळाचं वय काढायला शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं वापरतात. त्याचं अर्धआयुष्य २२ वर्षांचं, म्हणजे शे-सव्वाशे वर्षांचा हिशोब लागतो. शिवाय सीझियम-१३७. अणुचाचण्यांची धूळ १९६३ च्या सुमाराला सर्वांत जास्त पडली, तो थर खुणेसारखा उठून दिसतो. त्याखाली गेलात की कार्बन-१४. त्यात समुद्राची एक खोड आहे: समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच "जुना" असतो, त्यामुळे शिंपला सरासरी चारशे वर्षांनी म्हातारा भासतो. तेवढी वजावट करावी लागते.

शंकासूर

आता मूळ मुद्द्यावर येतो. समजा कांदळ कमी झाला. तुम्ही म्हणणार पाऊस कमी झाला. मी म्हणतो लोकांनी सरपणाला तोडला. किंवा समुद्र वर आला, खाली गेला. आज घणसोली-कोपरखैरणेच्या बाजूला भराव टाकून खारफुटी गेली, त्यात पावसाचा काय दोष? हजार वर्षांनी कुणी तो गाळ वाचला तर लिहील की नवी मुंबईत दुष्काळ पडला होता.

खाडीकाठची

हे वाक्य छापून लॅबच्या दारावर लावायला हवं.

मनापासून सांगते, तुमची शंका रास्त आहे, आणि या क्षेत्रातले जाणते लोकही तीच काढतात. दोन उदाहरणं देते.

एलिस व्हान कांपो यांनी १९८६ साली भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्याबाहेरच्या दोन कोअरवर काम केलं, सुमारे वीस हजार वर्षांचा आवाका. हिमयुग ऐन भरात असताना मोसमी पाऊस क्षीण, हवा कोरडी. मग हळूहळू ओल वाढत गेली आणि ११ हजार वर्षांच्या आसपास खारफुटीचा पराग टिपेला पोचला. धाग्याच्या नावातला कांदळ तो हा. याचा अर्थ पाऊस चांगला वाढला, नद्यांनी गोडं पाणी आणि गाळ आणला, कांदळ माजला. पण त्याच सुमाराला समुद्रही भराभर वर येत होता. ड्रिलरकाकांनी सांगितलेलं ते रुंद सपाट मैदान खाऱ्या पाण्याखाली जाताना मैलोन्‌मैल दलदल तयार झाली असणार. मग टिपेचं श्रेय पावसाला किती आणि समुद्राला किती? माझं मत विचाराल तर दोघांना. पण पावसाची बाजू नुसत्या कांदळावर उभी नाही. त्याच कोअरमधले शंखही तपासलेत आणि तेही मोसमी पावसाच्या चढउताराकडेच बोट दाखवतात. म्हणून तो निष्कर्ष मी मानते. कांदळ एकटाच साक्षीला असता तर मानला नसता.

दुसरं, कारवारसमोरचे कोअर. काराटिनी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये लिहिलं की सुमारे साडेतीन हजार वर्षांपासून पश्चिम भारत कमी दमट होत गेला. तिथे काळी नदी घाटातलं जंगल आणि किनाऱ्याची खारफुटी दोन्ही समुद्रात आणून टाकते, आणि समुद्राची पातळी तोवर बरीचशी आजच्यासारखी स्थिरावली होती. म्हणजे समुद्राचा संशय बराच कमी होतो. माणसाचा उरतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वी दख्खनमध्ये शेती होती, गुरं होती, कुऱ्हाडी होत्या. जंगल गेलं आणि गवत आलं, हे पाऊस कमी झाल्यानं आणि माणसानं जाळल्यानं, दोन्हींनी दिसायला सारखंच दिसतं. कोळशाचे कण मोजून, धान्याच्या जातीचे मोठाले गवतकण शोधून थोडं वेगळं काढता येतं. पूर्ण नाही.

आणि टक्केवारीची गोम वेगळीच. समजा ३०० कणांत गवत वाढलं, तर बाकी सगळं आपोआप कमी दिसणार, झाडं तेवढीच असली तरी! म्हणून सुरुवातीलाच चिखलात लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाकतात, आत किती बीजाणू आहेत ते मोजून ठेवलेली. समजा गोळीत दहा हजार होते आणि तुम्हाला ३०० पराग मोजेपर्यंत १०० बीजाणू भेटले, तर नमुन्यात पराग तीस हजार. आता प्रत्येक झाडाचा स्वतंत्र आकडा मिळतो, एकाच्या वाढीनं दुसरा बदनाम होत नाही.

शंकासूर

शंखांचा मुद्दा आणि ही गोळी पटली. कारवारबाबत अर्धवट पटलंय.

खाडीकाठची

अर्धवटच पटायला हवं.

घोडबंदरची_सून

मग आपल्या ठाणे खाडीत असा कोअर घेतला तर काय निघेल? म्हणजे इथलाच इतिहास?

खाडीकाठची

वरचे काही हात तरी फार विश्वासाचे नाहीत. ड्रेजिंग, भराव, पुलांचे खांब, त्यात चिंबोऱ्या आणि किडे सतत बिळं करून वरचं खाली आणि खालचं वर करतात. अरबी समुद्रात काही भागांत, अंदाजे दीडशे ते हजार-बाराशे मीटर खोलीवर, पाण्यातच ऑक्सिजन इतका कमी असतो की बिळं करणारे प्राणी फारसे जगत नाहीत. कराचीसमोर तर वर्षावर्षाचे पापुद्रे शाबूत राहिलेत, वहीच्या पानांसारखे. आपली खाडी म्हणजे पोरांनी खेळून झालेली वही. शिवाय वरच्या टोकाला उल्हासशी तिचा जोड अगदी अरुंद आहे, त्यामुळे घाटातला गाळ बहुतेक वसईकडे जातो, आपल्याकडे नाही.

तरी खोल गेलं तर जुनं काहीतरी असणार. मुंबईत १८७८ च्या सुमारास प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली खैराची झाडं सापडली होती, मुळांसकट उभी. गोड्या जमिनीवरचं रान समुद्राखाली. तिथल्या चिखलाचा एक चमचा मिळाला असता तर मी आजही हायड्रोफ्लोरिक आम्लासाठीचे ते जाड मोजे चढवले असते.

दिवाळेकर

ताई, खैरावरून आठवलं. मागच्या आठवड्यात आमच्या चुलत्याकडं पंप बसवायला खड्डा मारला. साताठ फुटावर निळसर चिकणमाती लागली, त्याखाली वीतभर काळा थर, आणि त्यात लाकडाचा तुकडा. काळा, मऊ, नखानं दबतो. खैर हाय का काय ते नाय माहीत. ढेकूळ उचलून ठेवलंय पडवीत. तुम्हाला पायजे का?

खाडीकाठची

पाहिजे का काय विचारता दादा! उन्हात ठेवू नका, धुऊ नका, वाळू देऊ नका. ढेकूळ आहे तसं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, वरची बाजू कुठली ते मार्करनं लिहा, खड्ड्याच्या तोंडापासून किती खोल ते मोजून चिठ्ठी लावा. कुदळ लागलेली बाजू मी नंतर कापून टाकीन. लाकडाला वेगळी पिशवी. आणि दोन्ही फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. रविवारी सकाळी येते.

निवृत्त_ड्रिलर

मीही येतो. टेप आणि हँडलेन्स आणतो. खड्डा बुजवू नका तोवर.

दिवाळेकर

या दोघं, जेवूनच जायचं. खड्डा उघडाच हाय. फ्रीजचं मात्र अवघड झालंय. बायको बोलते, यात एकतर बोंबील राहतील नायतर चिखल.

खाडीकाठची

वहिनींना सांगा, बर्फाचा डबा मी आणते. तोवर ओलं गोणपाट गुंडाळून न्हाणीतल्या गार कोपऱ्यात ठेवा. बोंबील तिथेच राहू देत.